दीवानसिंग कुठपर्यंत होता

गेली चौदा वर्षं मी दुसऱ्यांचे प्रवास कापते आणि जोडते. लांब पल्ल्याच्या प्रवासांच्या डॉक्युमेंटरी एडिट करणं हे माझं काम. कुणी मोटरसायकलवरून अरुणाचलला जातो, कुणी सायकलवर कन्याकुमारी गाठतो, कुणी पायी हिमालय तुडवतो, आणि परत आल्यावर सगळं चित्रण हार्डडिस्कमध्ये भरून माझ्यासमोर आणून टाकतो. गोरेगाव पूर्वेला, खिडकीवर काळा कागद चिकटवलेल्या खोलीत, एसीत शाल पांघरून मी अर्धा देश पाहिला. स्वतः मात्र रोज नाहूर ते गोरेगाव आणि मे महिन्यात सावंतवाडी, यापलीकडे माझी मजल नव्हती.

या ऑक्टोबरात मी पहिल्यांदाच अशा एका ठिकाणी गेले, जे मी आधी पडद्यावर फ्रेम फ्रेमने पाहिलं होतं. अकरा दिवस. परतून दीड महिना झाला. सोसायटीतल्या बायका विचारतात, "कसं होतं गं उत्तराखंड? थंडी होती ना?" मी "हो, खूप" म्हणते आणि लिफ्टचं बटण दाबते. एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हे लिहितेय. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंनीच तसं सांगितलंय.

गोरेगाव

सप्टेंबरच्या शेवटी एका मोटरसायकलवाल्याच्या फिल्मचं काम संपत आलं होतं. मुंबईहून एकट्याने निघून कुमाऊंच्या आतल्या खोऱ्यांपर्यंत आणि परत. विषय, अनोळखी माणसांचा चांगुलपणा. सगळ्यात वजनदार प्रसंग होता एका पहाडी गावातला. पन्नाशीची एक बाई रस्त्यात त्याची गाडी अडवते, त्याचे दोन्ही हात धरते, बोलत राहते, रडते. तो मान डोलावतो आणि वाकून तिच्या पाया पडतो. वारा इतका की शब्द धड ऐकू येत नाहीत, आणि जे येतात ते तिथल्या बोलीतले. त्यावर मी त्याचं निवेदन चढवलं होतं: 'तिची भाषा मला कळत नव्हती. पण आशीर्वादाला भाषा कुठे लागते?' खाली बासरी. आमचा निर्माता शेखर बघून म्हणाला होता, "झकास. इथे लोक रडणार."

त्या दुपारी मोहनदा चहा घेऊन आला. मोहनदा म्हणजे आमच्या स्टुडिओच्या कॅन्टीनचा आचारी. मूळचा बागेश्वरकडचा, बावीस वर्षं मुंबईत. मी नेमकी निवेदन आणि बासरी बंद करून वाऱ्याचा आवाज साफ करत बसले होते. बाईचा आवाज तेवढा उरला होता. मोहनदा ट्रे धरून उभाच राहिला.

"ताई, पीछे लो जरा."

घेतलं.

"और एक बार."

तिसऱ्यांदा ऐकून त्याने ट्रे खाली जमिनीवर ठेवला. "ये आशीर्वाद नहीं दे रही, ताई."

"मग?"

एकेक वाक्य थांबवून त्याने मला अर्थ सांगितला. मी तो तेव्हाच कागदावर उतरवला. बाई म्हणत होती:

"तुम्ही बंबईचे कॅमेरेवाले ना? चार वर्षं झाली. माझा माणूस, दीवानसिंग, तुमच्याच लोकांचं सामान घेऊन वर गेला होता. तुमचे लोक उतरले आणि म्हणाले, तो मजुरी घेऊन पलीकडच्या खोऱ्यात उतरला. तो घरी आला नाही. गाव म्हणतं, दुसरी बाई केली. तुमच्या मशीनमध्ये सगळं राहतं म्हणतात. तेवढं बघून सांग बाबा, तो तुमच्याबरोबर कुठपर्यंत होता."

आणि आमचा हिरो तिच्या पाया पडत होता.

ते 'तुमचे लोक' कोण हे मला लगेच कळलं. चार वर्षांपूर्वी त्याच खोऱ्यात शेखरने एक फिल्म केली होती. एक माणूस एकटाच पायी हिमालयात, बावन्न मिनिटं. ती एडिट केली होती मी. तो एकटा फक्त पडद्यावर. प्रत्यक्षात तिघे होते: चालणारा, कॅमेरामन आणि शेखर. शिवाय चौथा एक, सामान वाहणारा, वाट दाखवणारा, रांधणारा. हा चौथा माणूस कुठेही दिसता कामा नये, ही मला मिळालेली पहिली सूचना. फ्रेमच्या कडेला त्याचा हात आला तर तेवढी कड कापायची, सावली पडली तर शॉटच काढायचा. मी ते चोख केलं होतं. त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. माझ्या वहीत 'पोर्टर, काढणे' एवढंच लिहिलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी मी लोखंडी कपाटातून ती जुनी हार्डडिस्क काढली आणि मोहनदाला शेजारी बसवून शेवटच्या दिवसांचं चित्रण लावलं. 'बाद' नावाच्या फोल्डरमध्ये एक क्लिप होती. कॅमेरा बंद करायचा राहून गेला की येतात तसली. बूट, सुकलेलं गवत, मग कुणीतरी कॅमेरा दगडावर ठेवल्यामुळे तिरकी झालेली फ्रेम. त्या तिरक्या फ्रेममध्ये एक सडपातळ माणूस पाठीवरचं ओझं उतरवत होता. मागे म्हशीसारखा एक काळा खडक.

शेखरचा आवाज आला. "दीवान, ड्रोन उस तरफ गिरा है, नाले के पार. ले के आ. हम नीचे कैंप में मिलते हैं."

"साब, ऊपर से बादल आ रहा है. कल सुबह ले आऊँगा."

"कल हम इधर नहीं हैं. जा ना, आधे घंटे का काम है."

त्या माणसाने वर पाहिलं, टोपी कानांवर ओढली आणि फ्रेमच्या बाहेर गेला. थोड्या वेळाने चालणाऱ्याचा आवाज, मराठीत. "शेखर, थांबायचं का रे त्याच्यासाठी?"

"येईल तो. पहाडी आहे, त्याला काय होतंय?"

पुढची क्लिप वीस मिनिटांनंतरची. तिघे उतरताहेत आणि चहूकडे पांढरं धुकं. त्यापुढच्या एकाही क्लिपमध्ये दीवानसिंग नव्हता.

मी ती क्लिप चार वर्षांपूर्वी पाहिली होती का? पाहिली होती. पहिले चार सेकंद. नुसते बूट दिसले म्हणून मीच ती बाद केली होती.

मोहनदा खुर्चीतून उठला. खाली गेला, आणि मी त्याला पहिल्यांदा कॅन्टीनच्या मागे उकिडवा बसून डोकं धरलेलं पाहिलं.

शेखरला मी त्याच संध्याकाळी दाखवलं. शेखर माझा बॉस कमी, मित्र जास्त. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा रात्री त्याने जागवल्या होत्या. म्हणून मला वाटलं होतं, तो हादरेल, रडेल, निदान खुर्चीत बसेल. तो उभाच राहिला.

"आम्ही तासभर थांबलो होतो."

"क्लिपांवर वेळ आहे, शेखर. वीस मिनिटं."

"मग आम्हाला वाटलं तो दुसरीकडून उतरला असेल."

"वाटलं, की गावात जाऊन तसं सांगितलं?"

"नीलम, तुला तिथलं हवामान माहीत नाही. सगळे घाबरले होते. आणि कशावरून मेला तो? खरंच गेला असेल पळून."

"तू पाठवलंस त्याला."

"यार, चार वर्षं झाली! आता उकरून कुणाचं भलं होणार? सगळ्यांची वाट लागेल. तुझीपण. एडिट तुझं आहे."

ते शेवटचं वाक्य त्याने धमकी म्हणून टाकलं होतं. मला ते नुसतं खरं वाटलं.

नाहूर

आईला मी सगळं सांगितलं. आई गेली चाळीस वर्षं मुंबईत आहे, पण बोलणं अजून मालवणीच. भाजी निवडता निवडता तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे, तू काय करतलंस?"

"पोलिसांकडे देते क्लिप. ते कळवतील तिला."

आईने हातातली जुडी खाली ठेवली. "असली गोष्ट पोलिसान दारात येवन सांगूची? जा तू. त्या बायेक कोणीतरी माणसान सांगूक व्हया."

मी मोहनदाला फोन केला. तो म्हणाला, "छह साल से गाँव नहीं गया, ताई. चलो." क्लिपच्या दोन प्रती केल्या, एक आईच्या कपाटात ठेवली, आणि चौथ्या दिवशी आम्ही निघालो.

काठगोदामच्या वर

काठगोदामला रेल्वे संपते आणि डोंगर सुरू होतो. माझ्या फिल्मांमध्ये हा रस्ता अकरा सेकंदांचा असतो. वरून ड्रोन, खाली ढोल, वळणावळणाची रेघ, संपलं. प्रत्यक्षात त्या रस्त्याने मला शेअर जीपच्या खिडकीतून तीनदा ओकायला लावलं. शेजारच्या बाईने न विचारता माझं डोकं धरलं, लिंबू फोडून नाकाशी लावलं, आणि अल्मोड्याला उतरताना माझं नावही न विचारता निघून गेली. मला आमच्या फिल्मचा विषय आठवला आणि लाजल्यासारखं झालं.

बागेश्वरच्या अलीकडे दरड कोसळली होती. तीन तास रस्ता बंद. मुंबईत एवढ्यात हॉर्न, शिव्या, व्हिडिओ सगळं झालं असतं. इथे बायकांनी विणकाम काढलं. कुणीतरी चहा आणला. साखरेशिवायचा चहा आणि तळहातावर गुळाचा खडा. एक घोट, एक तुकडा.

मुक्काम मोहनदाच्या गावी. त्याच्या वहिनीने चुलीवर काळपट भाकरी केली आणि वर घट्ट तपकिरी आमटी वाढली. पहिला घास खाल्ला आणि मी ओरडलेच, "मोहनदा, ही तर नाचणी! आणि हे कुळीथ!"

"हमारे यहाँ मडुवा और गहत बोलते हैं," तो म्हणाला. "बाईस साल से तुम्हारे कैंटीन में पावभाजी बना रहा हूँ. किसी ने पूछा नहीं."

जेवण झाल्यावर गावात फिरले. दहातल्या सहा घरांना कुलूप. कुणी दिल्लीला, कुणी मुंबईला, कुणी कुठे ते कुणालाच माहीत नाही. आमच्या कोकणातही अशी बंद घरं आहेत, पण गणपतीला तरी ती उघडतात. मोहनदा एकेका कुलपाकडे बोट दाखवून सांगत होता, हा गेला, आला नाही. तो गेला, आला नाही. तेव्हा मला कळलं की शेखरची थाप इतकी सहज का खपली. गेलेला माणूस परत येत नाही, याची इथे सगळ्यांना सवय होती.

गाव

गाडीरस्ता पावसात वाहून गेला होता, त्यामुळे शेवटचे चार तास जुन्या पायवाटेने. वाटेत ओढा ओलांडताना मी घसरले आणि कमरेपर्यंत भिजले. लॅपटॉपची पिशवी मोहनदाने वरच्यावर झेलली. थंडीने दात वाजत होते, पण त्याहून विचित्र काहीतरी चाललं होतं. मला ती वाट पाठ होती. या वळणावर लाकडी पूल, मग देवदाराचं पडलेलं झाड, मग डावीकडे बर्फाचं शिखर. कधीही पाय न ठेवलेल्या जागी मला पुढचं सगळं माहीत होतं.

गाव मात्र मला ओळखता आलं नाही. आमच्या फिल्ममध्ये तिथे तीन दगडी घरं होती आणि त्यांच्यामागे सगळी शांतता. इथे तीस-पस्तीस घरं, शाळा, रेशनचं दुकान, सौरदिव्यांचे खांब, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या. सगळं चित्रणात होतं. 'निर्जन वाटलं पाहिजे' म्हणून मीच कापलं होतं.

हंसादेवी अंगणात काळे भट, म्हणजे तिथलं काळं सोयाबीन, पाखडत होत्या. पडद्यावर मी त्यांना शंभर वेळा रडताना पाहिलं होतं, त्यामुळे त्यांचा कोरडा चेहरा बघून थबकले. गळ्यात काळ्या मण्यांची माळ. तिथलं मंगळसूत्रच ते. चार वर्षं गाव टोमणे मारत होतं आणि त्यांनी ती उतरवली नव्हती. मोहनदाने वाकून नमस्कार केला आणि आम्ही बंबईहून आलोय एवढं सांगितलं.

त्या सूप ठेवून उठल्या. "देखा? मशीन में देखा?"

मला वाटलं होतं, आधी बसू, पाणी पिऊ, हळूहळू विषय काढू. वाटेत मी वाक्यं जुळवली होती. एकही कामाला आलं नाही. मी म्हणाले, "देखा. वो भागे नहीं थे."

त्यांचा दीर किशन गोठ्यातून धावत आला. मग शेजारी आले. ओसरीवर लॅपटॉप उघडला तेव्हा पंचवीसेक माणसं मागे उभी होती. मी क्लिप लावली. दीवानसिंग फ्रेममध्ये आला तसा बायकांमधून एक आवाज उठला, हुंदका नव्हे, श्वास आत ओढल्यासारखा. 'साब, ऊपर से बादल आ रहा है.' तो टोपी ओढून गेला. शेखरची मराठी वाक्यं मोहनदाने त्यांच्या बोलीत सांगितली. 'पहाडी आहे, त्याला काय होतंय' हे सांगताना त्याचा आवाज फाटला.

मी हंसादेवींकडे बघायचं टाळत होते. त्यांनी माझा खांदा धरून मला वळवलं आणि खूण केली: पुन्हा.

दुसऱ्यांदा क्लिप चालू असताना किशन एकदम ओरडला, "भैंसढुंगा!"

म्हशीसारखा तो काळा खडक. गावातल्या प्रत्येक मेंढपाळाला माहीत असलेला. चार वर्षांपूर्वी सगळ्या गावाने दीवानसिंगला शोधलं होतं, आठवडाभर, पलीकडच्या खोऱ्यात आणि नदीच्या काठाने. कारण कॅमेरेवाल्यांनी तिकडे बोट दाखवलं होतं. वर, भैंसढुंग्याकडे, एकही माणूस गेला नव्हता.

वाट पाहताना

पहाटे किशन आणि सहा जण वर गेले. खालच्या चौकीवर निरोप गेला, तिथून दोन शिपाई आले आणि तेही मागोमाग चढले. जाऊन यायला दोन दिवस.

मी हंसादेवींच्या घरीच राहिले. कामाशिवाय त्यांना बसता येत नव्हतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गवत आणलं, पाणी भरलं, भट निवडले. मला गवताचा भारा बांधता येईना. तो दोनदा सुटला आणि उतारावर पसरला. दुसऱ्यांदा त्या हसल्या. मग हसू आल्याचीच त्यांना भीती वाटली असावी, तोंडावर पदर धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

आमच्याकडे दुःखाच्या घरी लोक येऊन बसतात आणि बोलतात. इथे शेजारणी येत, एक शब्द न बोलता घरातलं एखादं काम उरकत आणि जात. त्यातली एक म्हातारी मात्र दारातच उभी राहिली आणि आत यायला तयार होईना. मोहनदाने मला हळूच सांगितलं, दुसऱ्या बाईची गोष्ट गावभर हिनेच केली होती. हंसादेवींनी तिला बराच वेळ उभं ठेवलं. मग आतून पाट आणून टाकला.

नदीकाठ

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं उतरताना दिसली. ती एकामागोमाग, सावकाश येत होती, आणि पुढच्या दोघांच्या खांद्यावर घोंगडीची झोळी होती. हंसादेवींनी हातातला विळा भिंतीत खोचला आणि चालत पुढे गेल्या. धावल्या नाहीत.

खडकापासून थोडं खाली, नाल्याच्या अरुंद घळीत तो सापडला होता. पाय घसरून पडला असावा, असं शिपाई म्हणाला. चार हिवाळे उलटले होते. हाडं होती, बूट होते, आणि हंसादेवींनी विणलेला निळा स्वेटर. स्वेटरवरून त्यांनी ओळख पटवली. बाहीचं टोक उलटं करून विणीतली एक चूक बोटाने दाखवली.

मग शिपायाने पंचनाम्यासाठी त्याची खांद्यावरची पिशवी उघडली. आत ड्रोन होता.

मी वाकून आत पाहिलं. त्याला ड्रोन मिळाला होता. आधी नाला ओलांडून तो पलीकडे गेला होता, ढगात ड्रोन शोधला होता, आणि परत येताना पडला होता. ड्रोनची पाती तुटू नयेत म्हणून त्याने तो स्वतःच्या लोकरी टोपीत गुंडाळून ठेवला होता. तीच टोपी, जी क्लिपमध्ये त्याने कानांवर ओढली होती. त्या थंडीत तो उघड्या डोक्याने उतरत होता.

किशनने ड्रोन उचलला आणि मला वाटलं तो दगडावर आपटणार. शिपाई म्हणाला, "रहने दे, ये सबूत है." किशनने तो माझ्या पायाशी ठेवला आणि तिथून निघून गेला.

कागदपत्रं होऊन झोळी घरच्यांच्या ताब्यात मिळायला आणखी एक दिवस गेला. नदीकाठी चिता लहानच रचावी लागली. हंसादेवींनी काळ्या मण्यांची माळ उतरवून पाण्यात सोडली. परत येताना मोहनदाजवळ त्या एवढंच बोलल्या, की चार वर्षं त्या माणसाला मनात शिव्या देत होत्या, आता त्या कुठे ठेवायच्या?

पुढचं थोडक्यात सांगते. क्लिप आणि माझा जबाब मी चौकीवर दिला, मुंबईत आल्यावर पुन्हा दिला. शेखरला चौकशीला बोलावलं आहे. त्याची ती फिल्म इंटरनेटवरून उतरवली गेली. मोटरसायकलवाल्याला मी त्या बाईंचं बोलणं मराठीत लिहून पाठवलं. त्याचं उत्तर तीन दिवसांनी आलं: 'मला हे कसं कळणार होतं?' खरंच आहे ते. पण गावात पाऊण तास थांबून त्याने शाळेच्या मास्तरांना विचारलं असतं, तर कळलं असतं. मी आता गोरेगावला जात नाही. मुलुंडला एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे व्हिडिओ कापते. तिथे कुणालाही एकटं दाखवायचं नसतं.

शेवटची संध्याकाळ

निघायच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, हंसादेवी माझ्यासमोर येऊन बसल्या आणि मोहनदाला काहीतरी म्हणाल्या.

"वो पिक्चर देखना चाहती है," मोहनदा म्हणाला. "पूरी. जो सबने देखी."

फिल्म तेव्हा माझ्या लॅपटॉपमध्ये होती. नाही म्हणायला मला कारण सापडेना. मी लावली.

पहिल्याच शॉटमध्ये आमचा चालणारा पाठीवर पिशवी घेऊन धुक्यातून येतो, एकटा. हंसादेवींनी पडद्यावर बोट ठेवलं. "इहाँ?"

मला कळेना. मोहनदा म्हणाला, "पूछ रही है, यहाँ वो कहाँ था?"

मी फ्रेम थांबवली. मला आठवत होतं. मला सगळं आठवत होतं, कारण प्रत्येक ठिकाणी त्याला काढायला मला मेहनत पडली होती. "कॅमेऱ्याच्या मागे," मी म्हणाले. "सामान घेऊन. डावीकडे त्याची सावली होती."

त्यांनी मान हलवली. पुढे.

चालणारा नदी ओलांडतो. "इहाँ?"

"पाण्यात. छातीपर्यंत. दोर धरून उभा होता. दोर खालून कापला आहे मी."

मोहनदाने माझ्याकडे पाहिलं. "'मी' बोलूँ, ताई?"

"बोल."

त्याने सांगितलं. हंसादेवींनी पडद्यावरून नजर उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. या सगळ्या दिवसांत त्यांनी मला विचारलं नव्हतं की मी त्या लोकांची कोण. आता त्यांना कळलं. मला वाटलं त्या उठतील. मारलं असतं तरी मी हात वर केला नसता. त्यांनी पुन्हा पडद्यावर बोट ठेवलं. पुढे.

बर्फाच्या उतारावरच्या पायऱ्या. "या त्याने खोदल्या." तंबू. "त्याने लावला." चालणारा आगीपाशी बसून आपल्या एकटेपणाबद्दल बोलतो. "समोर बसलाय. लाकडं सारतोय. इथे त्याचा खोकला होता, तो काढला." खोकल्याचं ऐकून त्या पहिल्यांदा रडल्या. दर हिवाळ्यात यायचा म्हणे त्याला तो खोकला. शेजारच्या बायका येऊन भोवती बसल्या होत्या. फिल्म बावन्न मिनिटांची होती. आम्हाला दोन तास लागले.

शेवटाकडे एक सकाळ येते. चालणारा कॅम्पमध्ये चहा उकळतो, कप दोन्ही हातांत धरतो आणि शिखराकडे बघतो. लोकांना सगळ्यात आवडलेला शॉट.

"इहाँ?"

"इथे तो नव्हता," मी म्हणाले. "ही त्याच्यानंतरची सकाळ."

हंसादेवी त्या फ्रेमकडे पाहत राहिल्या. भांड्याकडे, वाफेकडे, त्या माणसाच्या चेहऱ्याकडे. मग त्यांनी एक प्रश्न विचारला आणि मोहनदाला तो हिंदीत आणायला वेळ लागला.

"पूछ रही है, चाय कितने लोगों की बनी थी?"

मूळ शॉट मोठा होता. दगडावर मांडलेले कप त्यात स्पष्ट दिसत होते आणि एकच दिसावा म्हणून मी फ्रेम लहान केली होती. सकाळचे साडेसहा वाजले होते. तो रात्रभर परतला नव्हता. त्याला हाक मारायला, शोधायला वर जायला सगळा दिवस पुढे पडला होता.

"तीन," मी म्हणाले. "तीन कप होते."